लाटसाहेब

दुपारच्या डब्यानंतर लॅबमध्ये एक वेळ अशी येते की कुणी कुणाशी बोलत नाही. पॉलिशचं चाक तेवढं फिरत असतं, वितळलेल्या मेणाचा आणि कवळीच्या गुलाबी पावडरीचा वास खोलीत साचून राहिलेला असतो, आणि ज्याची त्याची मान ज्याच्या त्याच्या साच्यावर वाकलेली असते. अशाच वेळी मास्तरांनी दारातून डोकं आत घातलं आणि तिला म्हणाले, बाहेर कुणी गृहस्थ आलेत, नाव सांगत नाहीत, तिला कळेल म्हणतात. कुणा म्हाताऱ्याची कवळी टोचत असेल, असं मनाशी धरून ती बोटांचं मेण फडक्याला पुसत बाहेर गेली. पॅसेजमध्ये तिचा पूर्वीचा नवरा उभा होता. अंगाने भरला होता, कपाळ मागे सरकलं होतं, आणि हातात बुटांचं एक खोकं त्याने असं सांभाळून धरलं होतं, की ती आधी खोक्याकडेच बघत राहिली. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे राहिले, लिफ्टची वाट बघणारी दोन अनोळखी माणसं राहतात तसे. तो पहिल्यापासून कुठलीही गोष्ट अहवाल दिल्यासारखी सांगायचा, तशीच आजही त्याने सांगितली. जुनं घर विकलं. आई आता त्याच्याकडे राहायला येणार. बारकीला, त्याच्या बहिणीला, परदेशात नोकरी मिळाली, माती तपासायचंच काम, काही वर्षं तरी तिकडेच. या महिन्याअखेर निघेल. मग त्याने खोकं पुढे केलं. "लाटसाहेब आहेत आत. बारकी म्हणाली, तिला नेऊन दे." तिने झाकण उचललं. बशीएवढ्या मातीच्या कुंडीत वाळू होती, वाळूवर खडे होते, आणि खड्यांमध्ये तीन खडे असे होते, की ते खडे नव्हते. आणखी काही म्हणाली का, असं तिला विचारायचं होतं. त्याऐवजी तिने विचारलं, पार्किंग मिळालं का. मिळालं म्हणाला. बरी आहेस ना, म्हणाला. हो म्हणाली. मग तो जिन्याने खाली गेला, लिफ्ट वर येत असताना.

पुन्हा टेबलाशी बसून तिने चिमट्यात एक दात धरला आणि मेणाच्या कमानीत बसवला, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की डावीकडचा दात आपण उजवीकडे लावलाय. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कवळीतले दात ओळीत उभ्या केलेल्या शाळेच्या पोरांसारखे सारखे दिसू नयेत, म्हणून ती मुद्दाम एखादा दात केसभर तिरका बसवायची. मास्तर म्हणायचे, हिच्या कवळ्या खोट्या वाटत नाहीत. आज सगळेच दात तिला परक्या माणसाचे वाटत होते. पायाशी खोकं होतं, आणि खोक्यातून बारकीचा आवाज येत होता: तिला नेऊन दे. किती वर्षांनी आलेला हा पहिला निरोप, तोही भावाच्या तोंडून, आणि त्यातही फक्त एक हुकूम. पण देणं वेगळं आणि परत करणं वेगळं. घर रिकामं करताना माणूस ज्याचं त्याचं ज्याला त्याला देऊन मोकळा होतो. तुझं एवढं आमच्याकडे राहिलं होतं, घे, आता संपलं. तसं असेल. नाहीतर तसं नसेल. फडक्याने चाक पुसता पुसता ती हे दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून बघत राहिली, आणि दोन्ही बाजूंनी ते सारखंच दुखत होतं.

नवरा सुटला तेव्हा लोक आले होते. मावशी आली, लॅबमधल्या बायका आल्या, शेजारीण आली. काहींनी त्याला नावं ठेवली, काहींनी तिला समजावलं, एकीने तर दुसरं स्थळसुद्धा सुचवून पाहिलं. खरं म्हणजे त्या दुःखात फारसं काही नव्हतं. भांडायला निदान काहीतरी कारण लागतं, आणि त्यांच्यात तेवढंही उरलं नव्हतं. तो घरात असला तरी नसल्यासारखा आणि नसला तरी काही बिघडत नाही, असं होत होत एक दिवस दोघांनी ते मान्य केलं, आणि वकिलाच्या ऑफिसातून बाहेर पडताना त्याने तिला रस्ता ओलांडून दिला होता. पण नणंद सुटली याचं काय करायचं? त्यासाठी कुणी भेटायला येत नाही. नवरा गेला म्हणून रडणाऱ्या बाईच्या पाठीवर हात फिरवतात. नवऱ्याची बहीण गेली म्हणून रडायला लागली तर लोक तोंडाकडे बघतील. नात्यागोत्याचं शास्त्र असं आहे, की मधली एक वीट काढली की तिच्यावर टेकलेली सगळी नाती आपोआप रद्द होतात, कुणाला वेगळी सही करावी लागत नाही. ती काल कुणाचीतरी वहिनी होती, आज नव्हती. पुढे त्याने दुसरं लग्न केल्याचं कळलं तेव्हा तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता बारकी दुसऱ्याच एका बाईला वहिनी म्हणत असेल. त्या बाईचा तिला हेवा वाटला, नवऱ्यावरून नव्हे.

बारकी नावाचीच बारकी. भावापेक्षा अंगठाभर उंच, चालताना दाराच्या चौकटीला बिचकणारी, आणि हसली की शेजारच्या घरात कळायचं. लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हा बारकी कॉलेजात होती आणि पहिल्या आठवड्यातच तिने जाहीर केलं होतं, की नणंदेने वहिनीला छळायचं असतं हे तिला माहीत आहे, पण तिला परीक्षेमुळे वेळ नाही. मग वेळ मिळाला तेव्हा छळायचं राहूनच गेलं. संध्याकाळी ती लॅबमधून यायची, बारकी कुठूनतरी मातीने भरलेले बूट घेऊन यायची, आणि स्वयंपाकघरात दोघी ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. तिच्या बोटांना मेण असायचं, बारकीच्या नखात माती. दिवसभरात काय झालं ते सांगायला दोघींनाही तेवढी एकच जागा होती. नवरा ऑफिसातून आला की विचारायचा, कशावर हसताय, आणि त्याला सांगायला लागलं की ते हसण्यासारखं राहायचंच नाही. मूल होईना म्हणून तपासण्या चालल्या होत्या त्या दिवसांत बारकी तिच्याबरोबर दवाखान्यात यायची. बाकावर बसून भिंतीवरची पोस्टरं मोठ्यांदा वाचायची, पोस्टरं संपली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी जे सांगायचं ते सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला, ठीक आहे, असतं एकेकाचं. त्यात वाईट काही नव्हतं, तो खरंच तसा समजूतदार होता. बारकीने मात्र परत येताना तिला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं, आपली स्कूटर तिच्या हातात दिली, आणि चालव म्हणाली. तिला चालवता येत नव्हती. दोनदा दोघी खड्ड्यात पडल्या. घरी गुडघे फोडून घेऊन गेल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, दवाखान्यातून येताय की आखाड्यातून.

लाटसाहेब त्यानंतर कधीतरी आले. बारकी कामावरून कुठल्याशा कोरड्या प्रदेशात गेली होती, तिकडच्या एका रोपवाटिकेतून तिने ही कुंडी मांडीवर घेऊन आणली होती. जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाली, यातलं झाड शोधा. नवऱ्याने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, फसवलं तुला. सासूबाईंनी तर सरळ एक खडा उचलून बाजूला ठेवला, आणि तो खराच खडा निघाला. झाड सापडलं ते तिला. लॅबमध्ये दिवसभर छटाच बघायच्या असतात, पिवळट पांढरा, करडा पांढरा, चहा पिणाऱ्याचा पांढरा. त्या सवयीने तिला करड्या खड्यांमध्ये एक करडा जरा ओलसर दिसला. तिने बोटाने दाबलं आणि दचकून हात मागे घेतला, कारण त्या खड्याला अंग होतं. बारकीला इतका आनंद झाला, की तिने तिच्या पाठीत धपाटाच घातला. मग सांगितलं, ही दोनच पानं आहेत, जाड, एकमेकांना चिकटलेली, मधे ही चीर. वाळवंटात जनावरांनी खाऊ नये म्हणून दगडाचं सोंग घेऊन बसतात. नाव लिथॉप्स. सासूबाईंनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, कामाचं ना धामाचं, नुसतं बसून राहायचं आणि कुणी लाड केले तर सहन व्हायचे नाहीत, लाटसाहेबच म्हणा की. तेव्हापासून ते लाटसाहेब. कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. ती दोघींची होती, म्हणजे पाणी बारकी घालायची आणि बघत उभी ती राहायची; तिला पाण्याच्या भांड्याजवळ यायला बंदी होती, कारण त्याआधी तिने घरातली तीन झाडं माया करकरून बुडवली होती.

ते घर सोडताना तिने आपल्या साड्या घेतल्या, कानातलं घेतलं, लॅबचे चिमटे घेतले. खिडकीतल्या कुंडीसमोर ती थोडा वेळ थांबली होती. पण जे दोघींचं आहे त्यातलं अर्धं कसं नेणार. आणि बारकी टूरवर होती. बारकी यायच्या आत निघायचं, हे तिने मुद्दाम ठरवलं होतं की नुसतं तसं झालं, हे तिचं तिलाही कधी नीट सांगता आलं नसतं. बारकी दारात उभी राहिली असती तर पाय निघाला नसता, एवढं खरं.

आता कुंडी तिच्या एका खोलीच्या घरात खिडकीवर होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसायची, पाइप, वाळत घातलेले टॉवेल, एका गॅलरीत कायम उभी असलेली मोडकी सायकल. पहिल्या संध्याकाळी तिने खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि दिवा न लावता बसून राहिली. एकाचे तीन झाले होते. म्हणजे ती तिथून निघाल्यावरही ते वाढत होते, कुणीतरी त्यांच्याकडे बघत होतं. बारकी अजून ओट्याला टेकून उभी राहत असेल का, आणि समोर कुणी नसेल तर कुणाशी बोलत असेल? तिने खड्यांवरून बोट फिरवलं. पूर्वी हाताला गुळगुळीत आणि भरलेले लागायचे, आता तिन्ही सुरकुतले होते, म्हाताऱ्याच्या गालासारखे आत गेले होते. तहानलेत, तिच्या मनात आलं. घर विकायच्या धावपळीत कुणाला सुचलं असेल पाणी घालायचं. ती उठली आणि तिने पेलाभर पाणी घातलं. वाळूने ते अधाशासारखं ओढून घेतलं आणि तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना घातलं, तिसऱ्या दिवशी घातलं. कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी ती खिडकीपाशी जायची. मधेच तिला वाटायचं, आपण काहीतरी विसरतोय, याबद्दल कुणीतरी आपल्याला बजावलेलं आहे. पण त्या बजावण्यात बारकीचा आवाज असायचा आणि आवाज आला की शब्द बाजूला राहायचे. घरात कुणीतरी पाणी पिणारं आहे, एवढंच तिला पुरत होतं. कुणासाठी तरी घाईने घरी यावं लागतं ही गोष्ट ती पार विसरून गेली होती. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलंसुद्धा, हल्ली घड्याळ फार बघतेस.

मग एका सकाळी तिघांतला एक वेगळा दिसला. रंग पातळ झाला होता, आतून दिवा लावल्यासारखा, आणि एका बाजूने तो बसला होता. तिने बोट लावलं आणि बोट आत गेलं. पिकून सडलेल्या फळासारखी मऊ घाण बोटाला लागली, वास आला. ती मोरीशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिली. झाडच ते, बोटाच्या पेराएवढं, बाजारात अशी हजार मिळत असतील. मनाला तिने असं सांगून पाहिलं. पण जे गेलं होतं ते झाडाएवढं नव्हतं. दिलेली एवढीशी गोष्टसुद्धा आपल्याला सांभाळता आली नाही. नको तेव्हा माया, हवी तेव्हा गप्प, आयुष्यभर हेच. उरलेल्या दोघांना कसं वाचवायचं ते तिला कळत नव्हतं, आणि ज्या एका माणसाला कळत होतं त्याचा नंबर तिला पाठ होता. ती फोन हातात घेऊन बसली. नंबरातला शेवटचा आकडा दाबायच्या आधी ती प्रत्येक वेळी थांबली. फोनवर बारकीने काय गं असं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण कोण बोलतंय, असं म्हणाली तर?

रविवारी तिने कुंडी खोक्यात ठेवली आणि बस पकडली. खोकं मांडीवर होतं. शेजारच्या बाईने वाकून आत बघितलं आणि काय आहे म्हणून विचारलं. झाड, ती म्हणाली. बाईने पुन्हा खड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि समजूतदारपणे तोंड खिडकीकडे वळवलं. ज्या रस्त्यावरून ती रोज जायची तो रस्ता आला. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची पाटी बदलली होती, औषधाचं दुकान तसंच होतं. जिन्यात पूर्वीचाच फिनेलचा वास. तिसऱ्या मजल्यावर पोचता पोचता तिला वाटलं, आपला हात आता पर्समध्ये किल्ली शोधायला लागेल. शोधायला लागलाच. तिने तो बाहेर काढला आणि बेल दाबली.

दार सासूबाईंनी उघडलं. लहान झाल्या होत्या, चष्मा जाड झाला होता. त्यांनी तिला पायांपासून केसांपर्यंत बघितलं, केसांशी जरा जास्त थांबल्या, आणि म्हणाल्या, "आलीस? चहा टाक. या पोरांनी चहासाखर कुठे बांधून ठेवलीय देव जाणे." जशी काही ती कोपऱ्यावरून साबण आणायला गेली होती. पाया पडावं की नाही हे ठरवेपर्यंत त्या आत वळल्यासुद्धा. घरभर खोकी होती, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन होते. त्या सांगत राहिल्या: मुलगा चांगला आहे, नवी सूनही स्वभावाने वाईट नाही, पण चहा करते तो दवाखान्यातल्यासारखा, सातव्या मजल्यावर घर, खाली बघितलं की माणसं मुंग्यांसारखी, कुणाला हाक मारायची सोय नाही. स्वयंपाकघरात भांडी बांधली होती, पण एक पातेलं आणि चार कप बाहेर होते. ओटा तोच होता, कडेला जळल्याचा डाग तोच. खिडकीत कुंडीच्या बुडाचा गोल उमटलेला होता. बारकी कुठे आहे, हे तिने विचारलं नाही. सासूबाईंनी आपणहून मानेने मागची खोली दाखवली आणि म्हणाल्या, तिला चहा तूच नेऊन दे, सकाळपासून माझ्यावर खेकसतेय.

बारकी जमिनीवर बसून पुस्तकं बांधत होती. कानामागचे केस पांढरे झाले होते. तिने मान वर केली, आधी कपाकडे पाहिलं, मग काखेतल्या खोक्याकडे, आणि म्हणाली, "आण इकडे." कुंडी हातात घेऊन ती खिडकीपाशी गेली, उजेडात धरली, आणि एक लांब श्वास सोडला. मग तिने जुना पेपर पसरला, चहाचा चमचा उलटा धरला आणि ओली वाळू उकरायला लागली. ती शेजारी बसली. सडलेला होता तो अलगद निघाला, त्याची मुळं काळी पडली होती. दुसरे दोघे बारकीने वाळूसकट उचलले आणि पेपरवर आडवे ठेवले. त्यांची मुळं अजून पांढरी होती, दोऱ्यासारखी. बोटांनी ती मुळं मोकळी करता करता बारकी मातीकडे बघूनच सांगत होती, की या दिवसांत पाणी घालायचंच नसतं. आत नवी पानं तयार होत असतात, ती जुन्या पानांतलं पाणी पितात, म्हणून जुनी सुरकुततात. त्यांना तहान लागलेली नसते. बरीच आहेत अजून ही दोन. कोरड्या वाळूत ठेवायची आणि विसरून जायचं. एवढं सगळं ती अगदी कामाच्या आवाजात बोलली. तिने विचारलं, विसरून कसं जायचं. बारकीचा चमचा थांबला.

"तुला जमतं की," बारकी म्हणाली.

बाहेर सासूबाई कपबशीला काहीतरी बोलत होत्या. बारकीने चमचा पेपरवर ठेवला. मग तिने सांगितलं, की त्या वेळी टूरवरून ती रात्रभरचा प्रवास करून सकाळी आली होती, बॅग अजून खांद्यावर होती, आणि आई म्हणाली, तुझी वहिनी गेली. एक क्षण तिला वाटलं होतं, की ती मेलीच. गेली म्हणजे घर सोडून गेली, हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कपाट उघडून बघितलं, हॅंगरसुद्धा नीट एका बाजूला सरकवून ठेवलेले.

"तुमचं दोघांचं ठरलं, तुम्ही सह्या केल्यात," बारकी म्हणाली. "मला कुणी विचारलं?"

"तुला काय विचारायचं होतं?"

"की तुला हिला सोडायचंय का."

ती पेपरवर सांडलेली वाळू बोटाने गोळा करत राहिली. तू त्याची बहीण ना, असं काहीतरी ती अखेर म्हणाली. आहेच, बारकी म्हणाली, मग? फोन तिने केला नव्हता कारण ती वाट बघत होती. बारकीनेही केला नव्हता कारण तीही वाट बघत होती. गेलेल्याने करायचा असतो फोन, बारकी म्हणाली. मागे राहिलेल्याने करायचा असतो असं मी समजत होते, ती म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतकी वर्षं एवढ्या साध्या गोष्टीवर गेली होती, की रडायला तरी कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं. पण डोळ्यांना ते कळलं असावं. बारकीने मातीच्या हाताने आपलं नाक पुसलं आणि नाकाला माती लागली.

"मग आता हे का पाठवलंस?" तिने विचारलं. "मला वाटलं, परत केलंस."

"परत करायचं असतं तर कुरिअरने पाठवलं असतं." बारकीने आडव्या पडलेल्या दोघांपैकी एकाला उचलून उजेडात धरलं. "तुझ्या हातात दिलं की तू पाणी घालणार. पाणी घातलं की हे कुजणार. कुजलं की तू घाबरून माझ्याकडे येणार. मी जायच्या आत कुजतंय की नाही, तेवढीच धाकधूक होती."

ती बघतच राहिली. मग हसू आलं, आणि हसू येताना रडू आलं, आणि बारकी तिचं ते पूर्वीचं हसू हसली, तसं दारात सासूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, झालं का सुरू तुमचं, शेजारी विकत घेणाऱ्यांचे नातेवाईक राहतात, जरा दमाने. पण त्या दारातून हलल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. मग खोलीकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, की गुरुवारी सकाळी गाडी येणार आहे, विमानतळ लांब आहे, मुलाला नेमकं त्या दिवशी कामावर जायचंय, आणि त्यांचे गुडघे हे असे. आता हिला एकटीला पाठवायचं का, ते ज्यांना कळतं त्यांनी बघावं.

दुपारभर दोघींनी पुस्तकं बांधली. ती दोरी धरायची, बारकी गाठ मारायची. फार बोलणं झालं नाही. इतकं साठलं होतं, की हातात आलं ते किरकोळच निघालं: लॅबच्या मास्तरांनी स्वतःची कवळी तिच्याकडूनच करून घेतली आणि कुणाला सांगू नको म्हणाले, ते बारकीला आवडलं. तिकडची माती लाल आहे, बारकी म्हणाली, रस्त्यांना झाडं नाहीत, हाक मारली तर हाकच परत येते. तिथल्या लोकांची भाषा ती शिकतेय, अजून फक्त पाणी आणि धन्यवाद येतं. मधेच ती वहिनी अशी हाक मारायला गेली आणि 'व'वर थांबली. ओठांवर आलेला शब्द तिने गिळला आणि नुसतंच, ए, कात्री दे, म्हणाली. तिने कात्री दिली. त्या थांबण्याने तिच्या आत काहीतरी लागलं, पण ते बारकीलाही लागलंय हे तिला दिसलं, आणि पूर्वी जे एकटीने सोसायचं होतं ते आता दोघींत वाटलं गेल्यासारखं झालं. कमी मात्र झालं नाही. उलट संध्याकाळी बसमध्ये, कोरड्या वाळूतले दोघे मांडीवर घेऊन परत येताना, तिला इतकी आठवण यायला लागली, की बस थांबवून उलट जावं. इतकी वर्षं न भेटलेल्या माणसाची आठवण एका जागी बसून यायची. आज भेटलेल्या माणसाची आठवण उठून चालायला लागली होती: बारकीच्या नाकाला लागलेली माती, कानामागचे पांढरे केस, कात्रीच्या आधीची ती थांबलेली हाक. गुरुवार जवळ होता, आणि गुरुवारनंतर हाक मारली तर हाकच परत येईल असा देश.

सोमवारी ती लॅबमध्ये गेली ती थेट मास्तरांच्या टेबलाशी. मास्तर एका कवळीचा चावा तपासत होते, निळा कागद दातांमध्ये धरून टकटक करत होते. गुरुवारची रजा हवी, ती म्हणाली. मास्तरांनी भुवया वर केल्या. ती रजा घेत नसे. वकिलाकडे जायचं होतं तेव्हासुद्धा तिने अर्धाच दिवस मागितला होता. कामं तुंबलीत, गुरुवारी दोन कवळ्या द्यायच्यात, असं ते सांगायला लागले, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. काय विशेष, त्यांनी विचारलं. विमानतळावर सोडायला जायचंय, ती म्हणाली.

"कोण जातंय?"

"बहीण."

मास्तरांनी कवळी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत तिने कुठल्या बहिणीचं नाव काढल्याचं त्यांना आठवत नसावं. शेजारच्या टेबलावरचं चाक थांबलं होतं. ती बाईही ऐकत होती.

"सख्खी?" मास्तरांनी विचारलं.

तिने जरा वेळ घेतला. उत्तर शोधायला नव्हे. तो शब्द तोंडात कसा लागतो, ते बघायला.

"सख्खी," ती म्हणाली.

मग जा, मास्तर म्हणाले, आणि तिच्या वाट्याची एक कवळी उचलून त्यांनी आपल्या बाजूला ठेवली.